मटारच्या दिवसांतला हेवा

आमच्या चिखलीत थंडी पडल्याचं हवेच्या आधी हातगाड्या सांगतात. कालपर्यंत जिथे केळी होती तिथे एका सकाळी मटारचा हिरवा ढीग येऊन बसतो आणि त्याच्याभोवती बायकांचं कोंडाळं जमतं. एक शेंग उचलायची, फोडायची, दाणे तोंडात टाकायचे, "गोड नाहीत हो" म्हणायचं आणि दुसरी उचलायची. आमचा गाडीवाला परवा शेवटी म्हणालाच, "ताई, भाजीला घ्यायचेत का इथंच जेवण उरकायचंय?" सगळ्या हसल्या. मीही हसले आणि पिशवीभर घेतले.

मटार मला आवडतो. भातात, पोह्यांत, उसळीत, नुसता मीठ लावून, कसाही. पण हंगामातली पहिली शेंग हातात घेतली की दर वर्षी पोटात काहीतरी आवळून येतं. सुरुवातीला वाटायचं, पित्त असेल. पित्त नाही, तो हेवा आहे. चांगला मुरलेला. ज्या बाईचा मला हेवा वाटतो तिने माझं काहीही वाकडं केलेलं नाही. तिने माझ्या मुलीला मटार सोलायला शिकवलं, एवढंच.

जुई तेव्हा अडीच वर्षांची होती. सासूबाई लातूरकडे गावी परत गेल्या होत्या, कारण त्यांच्या गुडघ्यांना आमच्या इमारतीचे जिने झेपेनात. माझी चाकणच्या कंपनीत पहिली शिफ्ट. आम्ही मोटारींसाठी वायरिंग हार्नेस बनवतो, म्हणजे गाडीच्या पोटात रंगीबेरंगी वायरींचं जे जाळं असतं ते. कंपनीची बस उजाडायच्या आत चौकात येऊन उभी राहायची. झोपलेल्या जुईच्या कपाळावर ओठ टेकवायचे, तिच्या मुठीत अडकलेली माझी ओढणी हळूच सोडवायची आणि निघायचं. तिला उठवणं, दूध देणं, शाळेत सोडणं हे माझ्या नवऱ्याचं, प्रशांतचं काम, कारण त्याची भोसरीतली ड्युटी जरा उशिराची. त्या दोघांच्या सकाळी मी कधी पाहिल्याच नाहीत. बसच्या काचेवर दव असायचं, पुढच्या सीटवरची कुणीतरी आलेपाक वाटायची, आणि रस्त्याच्या कडेला गॅरेजवाले टायर पेटवून हात शेकत बसलेले दिसायचे. त्या थंडीचा माझ्या वाटणीचा भाग एवढाच.

शाळा म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला एका रो-हाऊसचा तळमजला. शेजारी पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडाचे भाग ठोकून काढणारी पॉवर प्रेस, दिवसभर धप्प, धप्प. मला वाटलं होतं, या आवाजात मुलं काय शिकणार? पण मुलांना तो आवाज म्हणजे घरचाच कुणीतरी वाटायचा. दुपारी प्रेस बंद पडली की एखादं पोर दचकून विचारायचं, "धप्प कुठं गेला?"

शाळा चालवायच्या शबानाताई. पन्नाशीच्या, ठेंगण्या, ओढणी दोन्ही खांद्यांवर पिनांनी घट्ट बसवलेली, कारण मुलं ओढतात. त्यांच्या नवऱ्याचं जवळच दुचाकींचं गॅरेज. प्रवेश घ्यायला गेले तेव्हा मी गेल्या गेल्या विचारलं, "एबीसीडी कधीपासून घेता?"

"आधी हात तर तयार होऊ देत, जुईची आई," त्या म्हणाल्या. "पेन्सिल कुठं पळून चाललीय?"

त्या दिवसापासून मी 'जुईची आई' झाले. त्या शाळेत कुठल्याच आईला नाव नव्हतं. कबीरची आई, आर्याची आई, मोठ्या डब्याच्या मुलाची आई. नाव होतं ते एकट्या शबानाताईंना. तेव्हा ते मला चालून गेलं.

खोलीत गुडघ्याएवढ्या उंचीची फळी होती. तिच्यावर ताटल्या मांडलेल्या आणि प्रत्येक ताटलीत एक काम. एकीत दोन वाट्या आणि चमचा, राजमा इकडून तिकडे न्यायला. एकीत पितळेची छोटी लोटी, फुलपात्र आणि सांडलेलं पाणी टिपायला स्पंजचा तुकडा. एकीत ओल्या फडक्याखाली कणकेचा गोळा. कोपऱ्यात दोरी बांधलेली, तिच्यावर बाहुलीचे कपडे वाळत घालून चिमटे लावायचे. रांगोळीचं ताट होतं, त्यात बोटाने रेघ ओढायची आणि ताट हलवलं की सगळं कोरं. छोट्या बाटल्यांमध्ये लवंग, हिंग, वेलची, डोळे मिटून वास ओळखायचा. आणि सगळ्यांत लाडकी ताटली म्हणजे गॅरेजमधून आलेले, घासूनपुसून लख्ख केलेले नटबोल्ट. मुलाच्या मुठीएवढे मोठे, म्हणजे तोंडात घालायची भीती नाही. नाकाला सर्दीची धार लागलेली पोरं मांडी घालून नट फिरवत बसायची, एवढी गंभीर की हसू यावं. प्रशांतने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाला, "आयटीआयला नाव आत्ताच घालून ठेवू का?"

शबानाताईंचा नियम एकच, आणि तोही मोठ्यांसाठी. मूल काम करत असेल तर आपले हात मागे. खरोखरचे मागे, पाठीशी एकात एक गुंफून. पाणी सांडू दे, बटण भलत्याच काजात जाऊ दे, कणीक केसांना लागू दे. मूल मान वर करून मागत नाही तोवर हात पुढे आणायचा नाही. त्यांच्या मदतीला गोदामावशी होत्या, चिखलीच्या जुन्या घरातल्या. त्यांना हे आधी पटलं नव्हतं.

"असं हात बांधून का हुबं ऱ्हायचं? आमी काय चोरी केली व्हय?" त्या मला सांगायच्या. "आता सवं लागली बगा. घरी सून भाकरी थापती, तर मी मागं हात घिऊन हुबी. ती घाबरली की. म्हणली, आत्याबाई, काय चुकलं का माजं?"

मला हे सगळं आवडलं होतं. अगदी मनापासून. मग एक दिवस जुईने चिमटा लावला.

शिफ्ट सुटून, चाकणच्या चौकात बस अडकून अडकून मी दुपारी तिला न्यायला पोचले तेव्हा शबानाताई दारातच म्हणाल्या, "आज जुईने पहिल्यांदा चिमटा उघडला. एका हाताने! कितीदा सुटला, पण सोडला नाही तिने." मी "अरे वा" म्हटलं, जुईचा पापा घेतला आणि घरी निघाले. निम्म्या गल्लीत तो शब्द मला लागला. पहिल्यांदा. म्हणजे मी नव्हते. तिचं पहिलं पाऊल मी पाहिलं होतं, पहिला शब्द मी ऐकला होता. त्यापुढचं सगळं पहिलं शबानाताईंच्या वाट्याला जाणार होतं. पहिल्यांदा न सांडता ओतलेलं पाणी, पहिलं बटण, पहिली सरळ रेघ. मला रोज दुपारी त्याचं वर्णन मिळायचं, लग्नाला जाता न आलेल्या माणसाला घरपोच बुंदीचं पाकीट मिळावं तसं.

तिच्या हातांचा वास घ्यायची मला ती तान्ही असल्यापासून सवय. दुधाचा, तेलाचा, झोपेचा वास यायचा. त्या थंडीत त्या हातांना वेगळेच वास यायला लागले. कधी हिंगाचा, कधी ओल्या कणकेचा, कधी व्हॅसलिनमध्ये मिसळलेल्या वेलचीचा. दुसऱ्या बाईच्या घरातले वास. नवऱ्याच्या शर्टाला वास आला तर बायका भांडतात. मुलीच्या तळहाताला वेलचीचा वास येतो म्हणून मी कुणाशी भांडणार होते?

आणि घरात 'ताई' शब्दाचा नुसता पाऊस. ताई असं नाही करत. ताईंचा रुमाल असा नसतो. जुईला तिथे रुमालाची घडी घालायला शिकवली होती, टोकाला टोक. त्या नादात ती पोळीचीही घडी घालायची, प्रशांतच्या मोज्याचीही, आणि मी घाईत टॉवेल चुरगळून टाकला की तो उचलून आणून माझ्यापुढे धरायची. तोंडाने काही नाही, नुसती बघायची. अडीच वर्षांच्या पोरीने डोळ्यांनी केलेला तो अपमान मी मुकाट्याने गिळायचे आणि टोकाला टोक लावायचे.

"तुला काहीच वाटत नाही?" मी प्रशांतला विचारलं.

"काय वाटायचंय? पोरगी खूश आहे."

"आपल्यापेक्षा त्यांनाच जास्त चिकटते."

"अगं, आपली पोरगी कुणालाही चिकटते. परवा सिलिंडरवाल्याबरोबर निघाली होती. जिन्यातून आणली मी परत."

मग मला त्याचाही हेवा वाटला. ज्या माणसाला असलं काही वाटत नाही तो सुखी. मी बसमध्ये डोळे मिटून बसायचे आणि मनातल्या मनात शबानाताईंमध्ये खोट शोधायचे. गंमत म्हणजे सापडायची नाही. एखादी तरी असती तर मी सावकाश, चवीने चिडले असते.

शेवटी ठरवलं, हे घरी करायला काय हरकत आहे? आधी मोबाइलवरून लाकडी खेळाचा एक मोठा संच मागवला, नाना आकाराचे ठोकळे आणि रंगीत मणी. जुईने खोकं रिकामं केलं, खोक्यात बसली आणि "बस सुटली" म्हणाली. ठोकळ्यांकडे ढुंकून पाहिलं नाही. मग एका रविवारी मी पाट मांडला, त्यावर ताटली, ताटलीत दोन वाट्या आणि राजमा. अगदी तस्संच. जुई आली, बसली, चमचा धरला. दोन दाणे गेले, तिसरा पडला.

"अगं, असं नाही धरायचं. हे बघ, असं," मी तिचा हात धरून म्हणाले. "आता उचल. सावकाश. सांडतंय. थांब, मी धरते वाटी."

तिने चमचा ठेवला. माझ्याकडे अगदी समंजसपणे पाहिलं आणि म्हणाली, "हे ताईंचं आहे. आपलं नाहीये." मग खोक्यात जाऊन बसली. उठताना पाय लागून राजमा सांडला तो फ्रिजखाली गेला. पुढे कितीतरी दिवस केर काढताना एखादा दाणा गडगडत यायचा आणि मला टोमणा मारून जायचा.

मटारचा ऐन हंगाम होता तेव्हा शबानाताईंनी आईबाबांना शाळेत बोलावलं. मुलांनी आपापलं आवडतं काम करून दाखवायचं, आईबाबांनी नुसतं बसून बघायचं. मी मैत्रिणीबरोबर शिफ्ट बदलून घेतली. ठेवणीतला कुर्ता काढला, केसांना क्लिप लावली. अडीच वर्षांच्या मुलीला भेटायला जाताना माणूस एवढा नटतो का? पण मला त्या खोलीत एकदा, सगळ्यांसमोर, जुईची आई म्हणून शोभायचं होतं. तिने धावत माझ्याकडे यावं आणि ते शबानाताईंनी बघावं, हेही होतंच.

आम्ही भिंतीला टेकून सतरंजीवर बसलो. शेजारी धप्प चालू. जुई फळीपाशी गेली, ताटल्यांवरून नजर फिरवली, आणि एक ताटली पोटाशी धरून, जीभ बाहेर काढून, एकेक पाऊल टाकत आली. ताटलीत मटारच्या शेंगा आणि रिकामी वाटी. सगळ्या कामांतून तिने मला दाखवायला हे निवडलं होतं. माझे डोळे भरून आले.

ती शिकवल्याप्रमाणे करत होती. शेंगेचं शेपूट आपल्याकडे, अंगठा पोटावर, आणि दाब. पहिली शेंग नुसती वाकली. तिने ती बाजूला ठेवली, दुसरी घेतली. अंगठा किती मऊ तो. दाबून दाबून टोक लाल झालं. शेवटी टक् झालं, शेंग उघडली, एक दाणा उडून कबीरच्या बाबांच्या पायाशी गेला. जुई उठली, तो आणला, वाटीत टाकला, परत बसली. तिला कसलीही घाई नव्हती. दुसरा दाणा नखाने काढत बसली. माझे हात मागे होते. मी बोटं आवळून धरली होती.

कंपनीत आमच्या लाइनवर वायरी बसवायचा बोर्ड सरकत येतो. माझ्यासमोर आला की माझ्या वाटणीच्या वायरी खाचांत बसवायच्या, कनेक्टर दाबायचा, टेप मारायची, आणि बोर्ड पुढे जायच्या आत हात मोकळे. थांबलेला हात तिथे लगेच दिसतो, लाइन लीडरला, पुढच्या बाईला, सगळ्यांना. इतक्या वर्षांत माझे हात माझं ऐकेनासे झालेत. बसमध्ये डुलकी लागली तरी बोटं टेप मारत असतात असं शेजारची सांगते.

मी एक शेंग उचलली. मदत म्हणून, एकच. ती टक्कन फुटली, दाणे वाटीत. मग दुसरी. हातांना काम मिळालं आणि ते सुटलेच. टक्, टक्, टक्. कबीरचे बाबा म्हणाले, "काय स्पीड आहे राव!" आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं. भानावर आले तेव्हा वाटी काठोकाठ भरली होती, टरफलांचा ढीग झाला होता, आणि जुई ताटलीकडे बघत होती. ताटलीत एकही शेंग उरली नव्हती.

ती लगेच रडली नाही. तिने वाटीतला एक दाणा उचलला, एक रिकामं टरफल उचललं आणि दाणा परत आत बसवायला लागली. तो घरंगळला. तिने पुन्हा बसवला. दोन दाणे बसले तेव्हा टरफलाच्या दोन्ही कडा चिमटीत धरून मिटायला लागली. तिला शेंग पुन्हा बंद करायची होती. बंद झाली असती तर तिला ती स्वतः उघडता आली असती.

टरफल फाटलं. मग ती ओरडली. "माझं होतं! माझं होतं ते!" दोन्ही मुठींनी तिने माझ्या गुडघ्यांवर मारलं, ताटली ढकलली, आणि सगळ्या आईबाबांसमोरून पळत जाऊन शबानाताईंच्या कमीजला मिठी मारली.

मी शबानाताईंकडे पाहिलं. त्यांचे हात अजून मागेच होते. त्यांनी तिला उचललं नाही, थोपटलं नाही, तोंड पुसलं नाही. नुसत्या उभ्या राहिल्या आणि तिला रडू दिलं. मी असते तर झडप घालून उचललं असतं. आपल्या पायाला मिठी मारून एवढंसं मूल रडतंय आणि या बाईला मोहसुद्धा होत नाही? त्या क्षणी मी त्यांचा जेवढा मत्सर केला तेवढा आयुष्यात कुणाचा केला नसेन. शाळेतल्या पहिल्या नंबरवालीचा नाही, सोन्याने मढलेल्या जावेचा नाही.

निघताना त्यांनी मला दारात थांबवलं. सोललेले दाणे पिशवीत घालून माझ्या हातात दिले.

"वाईट वाटून घेऊ नका, जुईची आई. ती माझ्यावर कधीच रागावत नाही."

"माहितीये मला," मी म्हणाले. सूर चांगला नव्हता.

"तसं नव्हतं म्हणायचं. रागवायला हक्क लागतो ना? माझ्याशी ती फार अदबीने वागते. परक्याशी वागतात तशी."

मी मान हलवली, पण मला ते पटलं नाही. जिंकलेल्या माणसाला समजूत काढणं सोपं असतं, असंच मनात आलं. घरी येऊन त्या दाण्यांचा भात केला. जुईने दोनदा मागून घेतला आणि शेवटचा दाणा बोटाने टिपून खाल्ला. तिचा राग भाताच्या वासाबरोबर गेला. माझा तिथेच राहिला.

ती थंडी सरली. जूनमध्ये जुई मोठ्या शाळेत गेली, गणवेश, टाय, वह्या, सगळं आलं. शबानाताईंच्या शाळेतला शेवटचा दिवस अगदी साधा होता. जुईने चपला स्वतः घातल्या, टाटा केला आणि मागे वळून न बघता माझ्या पुढे उड्या मारत गेली. मीच वळून पाहिलं. शबानाताई दारात नव्हत्याच. आत कुणीतरी पाणी सांडलं होतं आणि त्या स्पंज शोधायला गेल्या होत्या.

कधी सिग्नलला नवी कोरी गाडी शेजारी येऊन उभी राहते. वाटतं, हिच्या पोटात माझ्या हातची टेप असेल. आत बसलेल्याला काय माहीत? त्याने ते जाणून घ्यावं असंही मला कधी वाटलं नाही. माझं काम झालं, पगार मिळाला, गाडी ज्याची त्याची. मग जिथे हात शबानाताईंचे आणि गाडीत बसलेली मीच होते, पोरगी माझी, घर माझं, तिथे मी एवढी का जळत होते? याचं उत्तर मला कितीतरी वर्षं सापडलं नाही.

जुई आता चौथीत आहे. परवा आणलेले मटार तिने मोबाइलवर कार्टून बघत सोलले, माझ्याइतक्याच वेगाने. शेपूट आपल्याकडे, अंगठा पोटावर. मी समोर बसून तिचा अंगठा बघत होते. आता तो लाल होत नाही.

"असं सोलायला कुणी शिकवलं गं तुला?" मी विचारलं. का विचारलं, देव जाणे.

तिने मान वर न करता सांगितलं, "तूच की."

मी दाणे पाण्यात टाकले, पोकळ होते ते वर आले, ते काढून टाकले, आणि तिची चूक तशीच राहू दिली. छातीत काहीतरी गोड पसरल्यासारखं झालं होतं. एवढ्या वर्षांनी शेवटी माझा नंबर लागला होता.

मग काल रविवारी तिच्या गॅदरिंगसाठी काळे बूट घ्यायला आम्ही स्पाइन रोडच्या अलीकडे एका दुकानात गेलो. जुई स्टुलावर बसून बूट पायात कोंबत होती. बाकावर एक म्हातारी बाई चप्पल घालून बघत होती. पांढरे केस, जाड चष्मा, ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिना.

"जुईची आई ना?"

एवढ्या वर्षांत मला त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. शाळेत मी मिसेस अमुक असते, कंपनीत नावाने, घरी अगं. "शबानाताई! इकडे कुठे?"

"मुलाकडे असते आता, तळेगावला. इथे भाचीचं लग्न आहे. आणि बघा, रस्त्यातच चप्पल तुटली." त्या हसल्या. शाळा आता दुसरं कुणी चालवतं, म्हणाल्या. गुडघे धरलेत, खाली बसता येत नाही, आणि ज्याला खाली बसता येत नाही त्याने त्या शाळेत काय करायचं? बोलता बोलता त्यांचं लक्ष जुईकडे गेलं आणि बोलणं थांबलं. त्यांनी तिला केसांपासून पायांपर्यंत पाहिलं, आणि मग तिच्या हातांपाशी थांबल्या. ती बुटाची नाडी ओवत होती.

"माशाअल्लाह," त्या हळूच म्हणाल्या. "जुई, केवढी झालीस गं!"

जुईने मान वर केली. छान, नीटस हसली. उठून उभी राहिली आणि म्हणाली, "नमस्ते, काकू." मग माझ्याकडे पाहिलं, या कोण असं विचारल्यासारखं.

वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. अगं, या शबानाताई. तुझ्या पहिल्या ताई. चिमटा लावायला, पाणी ओतायला, घडी घालायला, मटार सोलायला यांनी शिकवलं तुला. एवढंच म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं आणि एक क्षण थांबले. मुद्दाम थांबले.

शबानाताईंनी तो क्षण ओळखला असावा. का फक्त जुईचे अनोळखी डोळे पाहिले, ते मला सांगता यायचं नाही. त्यांनी चष्मा नाकावर सारखा केला आणि जुईला म्हणाल्या, "मी तुझ्या आईच्या ओळखीची, बेटा." मग दुकानदाराकडे वळल्या. "दादा, हीच द्या. बांधू नका, पायातच घालून जाते."

मला आनंद झाला, तो कशाला लपवू? त्या एका थंडीत मी रोज बसमध्ये बसून जे मागत होते ते अखेर मिळालं होतं. माझी मुलगी त्या बाईला साफ विसरली होती, आणि तेही तिच्या तोंडावर. माझ्या लेखी यापेक्षा मोठा विजय नव्हता. आणि तो आनंद पुरता मनात उतरायच्या आत शबानाताई माझ्या दंडाला हात लावून, "येते हं," म्हणून दुकानाच्या पायऱ्या उतरल्यासुद्धा. नवी चप्पल चावत असावी, जरा लंगडत होत्या. वळून पाहिलं नाही.

त्यांच्या जागी मी असते तर भर दुकानात हक्क सांगितला असता. तुझं नाक पुसलंय मी, तुझी चड्डी बदललीय, तुझ्या बोटांत जे जे आहे ते मी घातलंय, असं म्हटलं असतं. त्यांनी सगळं तिथेच सोडून दिलं आणि लग्नाला गेल्या. मी इतकी वर्षं कशावर जळत होते ते मला तेव्हा कळलं. जुई त्यांना चिकटायची त्यावर नाही. त्यांना सोडता यायचं, त्यावर. मला ते कधी जमलं नाही, आणि ही पोर आणखी थोड्या वर्षांनी कुठल्यातरी कॉलेजला, कुठल्यातरी शहरात, कुणाच्यातरी घरी जाईल तेव्हाही जमेलसं वाटत नाही. कळून काही फरक पडला असेल म्हणाल, तर नाही. उलट जास्तच जळजळलं.

स्कूटरवर जुई मागे बसली, बुटांचा डबा आमच्या दोघींच्या मध्ये.

"त्या काकू तुझ्या कंपनीतल्या होत्या का गं?"

पुढे टेम्पो उभा होता, मागून हॉर्न चालू होते. सांगायला वेळ भरपूर होता.

"हो," मी म्हणाले. "कंपनीतल्या."

थोडं अंतर गेल्यावर ती माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून म्हणाली, "मला आवडल्या."

मला तेवढंही सहन झालं नाही.